तारीख घालून लिही

हर्णै, 22 डिसेंबर 1971

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. आईनं ते आधी कपाळाला लावलं, मग मला वाचायला दिलं. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' आजीनं लगेच देवापुढे साखर ठेवली. वरची तारीख मात्र मी दोघींना वाचून दाखवली नाही. 2 डिसेंबर. लढाई पेटली 3 तारखेच्या संध्याकाळी.

17 तारखेला रात्री आठला पश्चिमेकडे तोफा थांबल्या. त्यानंतरची एक ओळ पाठव.

काळजीचं लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. घरचं सांगतो. विहिरीकडच्या हापूसला मोहर धरलाय. कुळीथ उगवून आलेत. लढाईभर कंदिलाला काळा कागद गुंडाळून जेवलो. खुकरी युद्धनौका बुडाल्याचं रेडिओवर ऐकलं त्या रात्री पाखाडीत कुणी जेवलं नसेल. नौदलात पोरं असलेली घरं इथं थोडी का आहेत!

ढाका पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत गूळ-खोबरं वाटलं. हेडमास्तरांनी मुलांना सांगितलं, गुरुजींचा मुलगा रिसाल्यात आहे, रणगाडा चालवतो. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ऊर भरून आला आणि पायांतलं बळच गेलं. टेबलाला धरून उभा राहिलो. पेपरात शकरगडकडच्या रणगाड्यांच्या लढाईचं वाचलंय. तू कुठं होतास ते 56 ए.पी.ओ. या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून कळत नाही. सांगायचं नसेल ते सांगू नकोस.

तिकडे थंडी फार. पायमोजे ओले ठेवू नकोस. वेळेवर जेव, साहेबांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस, उगाच पुढे पुढे... हे काय लिहितोय मी? रणगाडा मी लांबूनसुद्धा पाहिलेला नाही. शाळेतली सवय, राग मानू नकोस.

तू चौथीत होतास. ओहोटीला खडपात गेलास आणि कालवानं तळपाय चिरला. चिंधी बांधून दोन दिवस हिंडलास. विचारलं की 'काही नाही दादा, बरा आहे.' तिसऱ्या रात्री अंग तापलं तेव्हा चिंधी सोडली. आत वाळू तशीच होती. तुला खांद्यावर घेऊन मी दापोलीची वाट धरली, आणि वाटेतही तू तेच म्हणत होतास, बरा आहे. म्हणून तुझ्या 'खुशाल'वर माझा जीव बसत नाही रे. लागलं असेल तर लागलं म्हणून लिही. हात चालत नसेल तर शेजारच्या जवानाकडून लिहवून घे.

अहमदनगरला ट्रेनिंगला निघालास तेव्हा रिसाला म्हणजे घोडदळ समजून आजीनं विचारलं होतं, घोडा कुठल्या रंगाचा मिळणार? अजूनही ती संध्याकाळी तुझ्या नावानं आणि त्या घोड्याच्या नावानं दोन वाती लावते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

सोबत जोडकार्ड आहे. उत्तराच्या कार्डावर इथला पत्ता घातलाय. मजकूर नसला तरी चालेल. तुझ्या हातची तारीख घाल.

तुझे
दादा