मांजऱ्याची चौकशी

कैरो

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

टॅक्सीवाल्याशी रोज एवढं काय बोलतोस, असं तू परवा विचारलंस. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी राहतो मादीला, ऑफिस दोक्कीला. कॉर्निशने, म्हणजे नदीकाठच्या रस्त्याने, जाताना डाव्या हाताला नाईल असते. टॅक्सी साठीकडे झुकलेल्या एका गृहस्थांची, सय्यदा झैनब नावाच्या वस्तीत राहणाऱ्या. मी त्यांना ‘अम्म’ म्हणतो, आपण काका म्हणतो तसं. ते मला ‘या इब्नी’, म्हणजे बाळा. सुरुवातीला अमिताभचा विषय झाला. भारतीय माणूस भेटला की इथे तो निघतोच. खरं बोलणं सुरू झालं ते भाकरीवरून. रेशनची भाकरी कित्येक वर्षं ५ पियास्तरला होती, ती जून २०२४ मध्ये २० ची झाली. १०० पियास्तरांचा एक इजिप्शियन पौंड, म्हणजे तुला ही वाढ किरकोळ वाटेल. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डॉलर एका दिवसात ३१ पौंडांवरून पन्नाशीला टेकला होता. टायर महाग, सुटे भाग महाग, औषधं महाग. हाताशी उरली होती ती भाकरी. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने अन्नावरची सबसिडी कापली तेव्हा देशभर दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. अम्म तेव्हा लहान होते. आईने सगळ्या पोरांना आत ओढून दाराला कडी घातली, एवढं त्यांना आठवतं.

एके दिवशी रेडिओवर इथिओपियाने नाईलच्या वरच्या अंगाला बांधलेल्या धरणाची बातमी लागली आणि ते एकदम गप्प झाले. कैरोत पाऊस नावालाच पडतो. सगळी भिस्त नाईलवर. त्यांचा भाऊ डेल्टात भात लावतो. पाणी वाचवण्यासाठी २०१८ मध्ये सरकारने भाताचं क्षेत्र बरंच कमी केलं, तेव्हापासून त्याची ओढाताण चाललीय.

मग मी त्यांना आपलं लातूर सांगितलं. २०१६ चा उन्हाळा, कोरडं पडलेलं मांजरा धरण, पाण्याच्या ठिकाणी लावलेली जमावबंदी आणि मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी. माझी अरबी तोकडी, निम्मं हातवाऱ्यांनीच सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? “आणि जनावरं?” मला क्षणभर बोलताच येईना. मग चारा छावण्यांबद्दल सांगितलं. शहरात जन्म गेलेल्या माणसाने आधी गुरांची काळजी करावी, हे मी कधी विसरणार नाही.

धरणावरून आमचा वादही होतो. इथिओपियातल्या घरांत वीज यायला नको का, असं मी म्हणतो. त्यांचं उत्तर ठरलेलं: “वीज खुशाल घ्या, पण दुष्काळात किती पाणी सोडणार ते लिहून द्या.” मला यात काही वावगं वाटत नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की दर वेळी काय होतं, ते आपण मराठवाड्यातल्यांनी पाहिलंय. वरच्याने शब्द दिला आणि कागद दिला, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. धरणाचं उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झालं, तसा कागद मात्र अजून झालेला नाही.

आता जून लागला की ते मला आपल्याकडच्या पावसाचं विचारतात. यंदा मांजऱ्यात किती पाणी आलंय, ते तेवढं कळव. कालच त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. काकूंना नमस्कार.

तुझाच