दगडातल्या यक्षांना शोभेच्या मूर्ती म्हणू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्राचीन लेण्यांवरील आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. मात्र त्यात यक्ष-यक्षींचा उल्लेख 'द्वारपाल' आणि 'शोभेसाठी कोरलेल्या सुंदरी' एवढ्यावरच आटोपला आहे, म्हणून हे पत्र.

यक्ष ही झाडांची, पाण्याची आणि भूमीतल्या धनाची राखण करणारी दैवते होती आणि लोक त्यांची रीतसर पूजा करीत. ग्वाल्हेरजवळच्या पवाया येथील मणिभद्र यक्षाच्या मूर्तीवरील लेखात ती स्थापन करणारी मंडळी स्वतःला मणिभद्राचे भक्त म्हणवतात आणि यक्षाला 'भगवान' म्हणतात. मथुरेजवळ पारखम येथे सापडलेला, अडीच मीटरांहून उंच असलेला यक्षही मणिभद्राचाच मानला जातो. सुटलेल्या पोटावर आवळून बांधलेले वस्त्र आणि समोर रोखलेली उभी काया पाहिली की हा कुणाच्या दाराशी राखणीला उभा असेल असे वाटत नाही. दार असलेच तर ते त्याचे स्वतःचे. मणिभद्र हा विशेषतः व्यापाऱ्यांचा आणि प्रवाशांचा पाठीराखा होता, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मध्य प्रदेशातील भारहूतच्या बौद्ध स्तूपाचे कठडे (इ. स. पू. दुसरे शतक) आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या एका खांबावर हत्तीवर उभी असलेली एक स्त्री आहे. तिने एका हाताने फुललेल्या झाडाची फांदी धरली आहे आणि एक पाय बुंध्याभोवती वेढला आहे. कोरणाऱ्यांनी शेजारी ब्राह्मी अक्षरांत तिचे नाव दिले आहे : चुलकोका देवता. इतर खांबांवर कुबेर, सुचिलोम, चंदा, सुदसना अशी यक्ष-यक्षींची नावे आहेत. ज्यांनी ती घडवली त्यांनी 'देवता' असे स्पष्ट लिहून ठेवलेले असताना आपण तिला सुंदरी म्हणावे, हे मला पटत नाही. बौद्धांनीही या दैवतांना हाकलले नाही, त्यांना स्तूपाच्या कठड्यावर मानाने उभे केले.

महाराष्ट्रातला दाखला तर अधिक जवळचा आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला, दोन्ही हात उंचावून डोक्यावर पात्र पेलणारा बुटका, हसरा यक्ष सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कोरलेले आहे. गळ्यातले दागिने बारकाईने पाहावेत. दगडात काम करतानाही सोनाराचा हात लपत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तर हारिती आणि पांचिक या यक्ष दांपत्याला स्वतंत्र गाभाराच दिलेला आहे. त्याला शोभेचे काम कसे म्हणणार?

आपल्या भाषेतही ही मंडळी अजून नांदत आहेत. प्राकृतात यक्षाचा 'जक्ख' होतो आणि त्याच वाटेने आपली जाखाई आणि जाखमाता या ग्रामदेवता आल्या, असे अभ्यासक मानतात. त्यांना गावच्या वेशीवर शेंदूर मिळाला; त्याच कुळातली जखीण मात्र भुताखेतांत जाऊन बसली आणि आज तिचे नाव शिवीसारखे वापरले जाते. अवघड प्रश्नाला आपण 'यक्षप्रश्न' म्हणतो, तेव्हा तळ्याचा धनी असलेला आणि आपल्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पाण्याला हात लावू न देणारा महाभारतातला यक्षच आपल्या तोंडी असतो.

पुढील लेखात अशा मूर्तींची छायाचित्रे छापताना, जेथे मूर्तीवरील कोरीव लेखात नाव दिलेले आहे तेथे निदान ते नाव छायाचित्राखाली द्यावे, एवढी विनंती आहे. चुलकोकेच्या बाबतीत तर ते शोधण्याचेही कष्ट नाहीत, तिच्या शेजारीच लिहिलेले आहे.

आपला,
एक नियमित वाचक