मशीनगनवाल्यांची नोंद कुठे आहे? माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य

साहेब, जय भीम, राम राम. पत्र जळगाव जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या वरणगावच्या फॅक्टरीत बंदुकीच्या गोळ्या बनतात, भुसावळला दुसरी ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यामुळे गोळीचं इथं कोणाला नवल नाही. पण एका पट्ट्यात अडीचशे गोळ्या खाणाऱ्या विकर्स मशीनगनच्या पलटणीत आपली माणसं होती, हे कॉलेजातल्या पोरांना विचारून बघा, सगळे गप्प.

थोडं मागून सांगतो. 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, ब्रिटिशांच्या एका बटालियनला मशीनगन किती, तर फक्त दोन! जर्मनांनी झोडपल्यावर अक्कल आली आणि ऑक्टोबर 1915 मध्ये मशीनगन कोअर, म्हणजे फक्त मशीनगनवाल्यांचं दल, वेगळी काढली. त्यात साधारण 1 लाख 70 हजार लोक होते, त्यातले 62 हजारांवर मेले, जखमी झाले नाहीतर सापडलेच नाहीत, कारण मशीनगन कुठंय हे कळलं की समोरचा तोफखाना आधी तिच्यावरच तुटून पडायचा. सैनिक स्वतःच तिला सुसाइड क्लब म्हणायचे. आणि विकर्स लपवायची तरी कशी, नळी थंड ठेवायला तिच्याभोवती चार लिटर पाणी, सतत फायर केला की दोन-तीन मिनिटांत ते उकळणार, म्हणून वाफ रबरी पाइपातून डब्यात सोडायची, नाहीतर शत्रूला लांबूनच दिसली. तिपाई वेगळी, पाणी वेगळं, गोळ्यांच्या पेट्या वेगळ्या, एका गनला सहा माणसं लागायची.

आता आपलं. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा जोर होता. 1946 ला तिची मशीनगन रेजिमेंट केली आणि 1963 पर्यंत ती तशीच राहिली, नंतर साधी इन्फंट्री. बिल्ल्यावर मात्र विकर्सची जोडी अजून आहे. फाळणीच्या वेळी हे लोक पंजाबात होते, लगेच काश्मिरात गेले.

खरी गोम इथे आहे साहेब. मशीनगनची पलटण सहसा एकत्र लढायची नाही, एक कंपनी इकडे दिली, एक प्लाटून तिकडे दुसऱ्याच बटालियनला जोडली, टेकडी जिंकली की नाव त्या बटालियनचं आणि गन ओढत वर नेणारे कुठेतरी एका ओळीत, तेही असले तर. गावाकडचे म्हातारे नुसतं 'आमनी पलटन मशीनगननी व्हती' म्हणायचे, कोणाबरोबर लढले ते घरच्यांनीही कधी विचारलं नाही.

ब्रिटिशांच्या त्या कोअरचे बहुतेक कागद 1920 मध्ये इंग्लंडातल्या शॉर्नक्लिफ छावणीच्या आगीत गेले, त्यांचा निदान नाइलाज होता. आपल्याकडे आग वगैरे काही नाही, डिस्चार्ज बुकं (फौजेतून सुटताना मिळालेली नोकरीची नोंदवही) घराघरात ट्रंकेत पडलीत, वाळवी लागायच्या आत कोणी बघावं एवढंच.

स्मारक मागत नाही, उद्घाटनाचा खर्चच जास्त होतो. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना सांगा की 1963 च्या आधीच्या मशीनगनवाल्यांची गाववार यादी करा, घरी जाऊन कागदांचे फोटो काढा, मूळ कागद घरीच राहू द्या. आणि फॉर्ममध्ये 'कोणत्या बटालियनला जोडून होते' असा एक कॉलम नक्की ठेवा, नाहीतर परत सगळे नुसते 'महार रेजिमेंट' लिहून मोकळे होतील.

आपला,
भुसावळ तालुक्यातला एक मतदार