विषय: सदोष एलपी, भलतीच सीडी आणि २७ मेचा फोन

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथं आणि शेवटचं बोलणं काल, २७ मे रोजी दुपारी झालं. एकोणतीस मिनिटं. त्यातली अकरा मिनिटं मी फोन कानाला लावून तुमची जाहिरात ऐकत होते. पाचवा फोन मी करणार नाही. सगळं लिहूनच देते, म्हणजे ‘सिस्टिममध्ये नोंद दिसत नाहीये’ हे उत्तर तरी पुन्हा ऐकावं लागणार नाही.

३ मे रोजी तुमच्याकडून अमेरिकन रॉक बँडचे तीन अल्बम मागवले. ग्रीन डेच्या ‘डुकी’ची नवी एलपी (बारा इंची रेकॉर्ड), ३,४०० रुपये. माय केमिकल रोमान्सच्या ‘द ब्लॅक परेड’चा दोन एलपींचा संच, ४,२०० रुपये. आणि तुमच्या ‘जुनी, पहिली छपाई’ या विभागातून ब्लिंक-१८२ च्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’ची वापरलेली सीडी, २,८०० रुपये. एकूण १०,४०० रुपये, सगळे आगाऊ. ऑर्डर देताना सूचनेच्या चौकटीत स्पष्ट लिहिलं होतं की एलपी कव्हरातून बाहेर काढून कव्हराच्या मागे ठेवा, वरचं प्लास्टिक फोडलंत तरी चालेल, आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घाला. तुम्ही रेकॉर्ड विकता, तेव्हा असं का सांगावं लागतं हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. आत खेळत राहिलेली रेकॉर्ड वाटेतल्या प्रत्येक आदळण्याला कव्हराची शिवण फाडते.

११ मे रोजी जे हातात आलं ते खोकं नव्हतंच. ऑनलाइन कपडे येतात तसली करड्या प्लास्टिकची पिशवी होती. आत बबल रॅपचा एकच फेर. पुठ्ठा नाही. रेकॉर्डी कव्हराच्या आतच.

‘डुकी’च्या कव्हराची वरची शिवण अडीच इंच उसवली आहे. तुम्हाला ही किरकोळ बाब वाटते, हे तुमच्या पहिल्या ईमेलवरून कळलं. ते कव्हर रिची बुकर या चित्रकारानं काढलं आहे. बर्कलीतला रस्ता, वरून पडणारे बॉम्ब, कुत्री, माणसांची गर्दी, आणि त्या गर्दीत ब्लॅक सबाथ या बँडच्या पहिल्या अल्बमवरची झगा घातलेली बाईसुद्धा. बारावीत असताना माझ्याकडे या अल्बमची कॅसेट होती. तेवढ्याशा कागदावर मी ही चित्रं भिंग घेऊन शोधायचे. बारा इंचांचं कव्हर घ्यायचं, तर यासाठी घ्यायचं. ते फाटलेलं आलं.

पण खरी तक्रार आतल्या रेकॉर्डची आहे. तिचं मधलं भोक केंद्रात नाही. सुई खाचेत ठेवली की टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, प्रत्येक फेऱ्याला डावीकडे-उजवीकडे झुलतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, आणि बरोबर तेवढ्याच अंतरानं सूर किंचित चढतो आणि किंचित उतरतो. ‘चंप’ हे गाणं संपता संपता ‘लाँगव्ह्यू’ सुरू होतं, न थांबता, आणि बँडच्या माइक डर्न्टचा तो बेस गिटार येतो. तो बेस या रेकॉर्डवर होडीत बसल्यासारखा डोलतो. सुई जसजशी आत सरकते, तसा फेरा लहान होतो आणि तेवढाच दोष जास्त बोचतो. पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी ‘बास्केट केस’ आहे. ते गाणं मी पुरतं ऐकू शकले नाही. मळमळायला लागलं.

माझ्या टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनचा, दोष नाही, हे मी तुमच्याआधी तपासलं. लगेच दुसऱ्या तीन रेकॉर्डी लावून पाहिल्या, टोनआर्म जागचा हलला नाही. मग ‘डुकी’ची माझी जुनी सीडी लावून दोन्ही शेजारी-शेजारी ऐकल्या. मग पुन्हा रेकॉर्ड. टोनआर्म झुलतानाचा व्हिडिओ १२ मे रोजी पाठवला. त्यावर आजतागायत एका शब्दाचं उत्तर नाही.

‘ब्लॅक परेड’बद्दल थोडक्यात लिहिते. पहिली रेकॉर्ड ठीक आहे. दुसरी बशीसारखी वाकली आहे. मे महिन्यात, पुठ्ठ्याशिवाय, पिशवीत घालून तीन दिवस कुरियरच्या गोदामात ठेवलेली रेकॉर्ड वाकणारच.

आता सीडी. ‘एनिमा ऑफ द स्टेट’ १९९९ साली आला, तेव्हा सुरुवातीच्या छपाईत कव्हरवरच्या नर्सच्या टोपीवर लाल क्रॉस होता. रेड क्रॉस संस्थेनं आक्षेप घेतल्यावर पुढच्या छपाईतून तो काढून टाकला, कारण जिनिव्हा करारानुसार ते चिन्ह संरक्षित आहे. तुम्हाला हे माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तुम्ही ‘टोपीवर क्रॉस असलेली पहिली छपाई’ असं लिहून, क्रॉस दिसणारा फोटो लावून २,८०० रुपये घेतलेत. मला जी सीडी आली तिच्यावरच्या टोपीवर काहीही नाही. कोरी टोपी. ही पुढची छपाई आहे, आणि ती माझ्याकडे आधीपासून आहे. शिवाय डबीचे मधले दात मोडलेले, सीडी आत खुळखुळतेय आणि तिच्यावर चरे.

आता कालचा फोन. तो मी सविस्तर लिहिणार आहे. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच सांगता, तेव्हा पडताळून बघा.

आधी एक तरुण मुलगा होता. त्यानं नियम वाचून दाखवला की पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर बदली मिळत नाही. मी विचारलं, पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत भोक सरकलेलं कसं दिसणार? रेकॉर्ड वाजवल्याशिवाय ते कळत नाही. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, त्यानं वरिष्ठांकडे फोन दिला. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही.

वरिष्ठांनी विचारलं, “मॅडम, रेकॉर्ड मशीनवर बसते ना?” मी म्हटलं, बसते, पण केंद्रात बसत नाही. “मग आवाज येतोय ना?” मी म्हटलं, येतोय, पण डोलतोय. “ब्लूटूथ स्पीकर असेल. ब्लूटूथनं आवाज तुटतो.” मी म्हटलं, ब्लूटूथ नाही, वायर आहे, आणि आवाज तुटत नाहीये, सूर हलतोय. मग ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हे मशीन घरात कोण वापरतं? मिस्टर आहेत का? त्यांच्याकडे फोन द्या ना जरा. टेक्निकल विषय आहे.”

हे वाक्य मी तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं. ते टर्नटेबल मी माझ्या पगारातून घेतलं आहे. त्याचं कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) मी बसवलं, सुईचं वजन मी लावलं, गेल्या वर्षी सुई बदलली तीही मीच. घरातल्या दोनशेच्या वर सीडी आणि साठ-पासष्ट रेकॉर्डी माझ्या आहेत. हे मी त्यांना सांगितलं. खरं तर सांगायलाच नको होतं. रेकॉर्ड विकत घेणाऱ्या बाईनं आपली लायकी आधी सिद्ध करायची आणि मग तक्रार मांडायची, असा तुमचा नियम असेल तर तो वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहा. शोरूममध्ये एखादा पुरुष ग्राहक तक्रार घेऊन आला तर त्याला ‘मिसेसना पाठवा’ म्हणता का?

त्यावर माफी नाही. ते म्हणाले, “बरं मॅडम, राहू दे. सीडीचं म्हणाल तर टोपी वेगळी असेल, पण गाणी तर तीच आहेत ना? आणि हीच सगळी गाणी मोबाइलवर मिळतात. एवढं मनाला लावून घेऊ नका.”

गाणी तर तीच आहेत ना. गाणी तीच आहेत हे मला माहीत आहे. ती मला पंचवीस वर्षांपासून पाठ आहेत. गाण्यांसाठी मोबाइल पुरे होता तर तुमच्या कंपनीची गरज काय, तुमच्या गोदामाची, त्या वरिष्ठांच्या पगाराची गरज काय? ‘टोपीवर क्रॉस असलेली’ हे तीन शब्द लिहून तुम्हीच किंमत वाढवली, आणि त्याच टोपीबद्दल विचारलं की गाणी तीच. चढ्या भावानं विकताना वस्तू महत्त्वाची, परत घ्यायची वेळ आली की फक्त गाणी महत्त्वाची. ही लबाडी आहे. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

फोन ठेवल्यावर चार मिनिटांत मेसेज आला, ‘आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे, आम्हाला पाचपैकी किती तारे द्याल?’

मला मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडी-रेकॉर्डींचं दुकान आठवलं. कॉलेजात असताना पुण्याहून सकाळच्या गाडीनं मुंबईला जायचं, वडापावावर दिवस काढायचा आणि उरलेल्या पैशांत एक सीडी घेऊन यायची. तिथे आधी ऐकून बघता यायचं. काउंटरवरचा माणूस सीडी कडेला धरून प्रकाशात फिरवून दाखवायचा आणि मगच पिशवीत घालायचा. मुलगी काय हे असलं ऐकते, असा चेहरा तिथे कोणी केला नाही. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा मी रडले होते. तुम्ही सुरू झालात तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की आता आपल्या इथे पुन्हा कोणीतरी या गोष्टी प्रेमानं विकणार आहे. पहिल्या महिन्यात चार मैत्रिणींना तुमचं नाव मी सांगितलं. त्यातल्या दोघींनी खरेदीही केली. त्या चौघींना मी हे पत्र पाठवते आहे.

पॅकिंगबद्दल पुन्हा लिहिते, कारण तीनही ईमेलमध्ये लिहूनही कोणी वाचलेलं नाही. रेकॉर्ड पिशवीत पाठवायची नसते. खोकं, पुठ्ठा, आणि रेकॉर्ड कव्हराबाहेर. त्याचा खर्च ग्राहकाकडून घ्या, मी दिला असता.

माझ्या मागण्या अशा. ‘डुकी’ची चांगली प्रत द्या, पाठवण्याआधी एकदा वाजवून बघा. ‘ब्लॅक परेड’चा संच बदलून द्या. क्रॉस असलेली सीडी तुमच्याकडे खरोखर असेल तर ती द्या, नसेल तर २,८०० रुपये परत करा आणि तो फोटो आजच्या आज काढा. आणि त्या वरिष्ठांची लेखी माफी, माझ्या नावानं, माझ्या मिस्टरांच्या नावानं नव्हे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला तुम्हाला नकार देता येत नाही, व्हिडिओ असो वा नसो. माझी पहिली ईमेल १२ मेची आहे. तिची रीतसर पोच अजून मिळालेली नाही. १२ जूनपर्यंत वाट बघेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि मला मुंबईला यावंही लागणार नाही. कालचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, तिथे मी ते मागणार आहे.

तिन्ही वस्तू परत द्यायला तयार आहेत. न्यायला येणाऱ्या माणसाबरोबर खोकं आणि पुठ्ठे पाठवा. त्या पिशवीत मी त्या पुन्हा घालणार नाही.

आपली ग्राहक
(सही)
कोथरूड, पुणे
२८ मे