कशेळी-आंबोळगड छायाचित्र फेरी : सभासदांना आठवण

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवार-रविवारची फेरी ठरल्याप्रमाणेच आहे. शनिवारी पहाटे साडेपाचला कशेळीच्या कनकादित्य मंदिरापाशी जमायचं. उशीर करू नका. कातळशिल्पं टिपायची तर सकाळचं तिरपं ऊन हवं; डोक्यावर ऊन आलं की रेषा बुडतात आणि हत्तीच्या आकृतीतले बारके प्राणी दिसेनासे होतात.

गेल्या खेपेला कुणीतरी रेषा उठून दिसाव्यात म्हणून खोबणीत खडू फिरवला. कोण ते माहीत आहे, नाव घेत नाही. ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. खडू, पाणी, बूट, काहीही त्यावर नको. सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, सीतेची आसवं फुलली आहेत, तेव्हा ट्रायपॉड पायवाटेवरच मांडा. ड्रोन आणू नये.

दुपारनंतर देवघळीचा समुद्रकिनारा. त्याची चंद्रकोर वरच्या कड्यावरूनच नीट दिसते, पण पावसाने काठ निसरडा आहे; टोकाला जाऊ नका. रविवारी यशवंतगड, मग आंबोळगड.

मुख्य सांगायचं ते हे : प्रदर्शनासाठी फोटो देताना गावाचं नाव लिहाच. ‘कोकणची संध्याकाळ’ असं लिहिलेले ढीगभर फोटो येतात आणि बघणारा गाडी काढून थेट गणपतीपुळ्याला जातो! राजापूर तालुक्यात माणूस यायला हवा असेल तर गाव, जवळचा एसटी थांबा आणि महिना लिहा. आकाशाचे रंग भडक करून पाठवू नका.

जेवण गावातल्या घरगुती खानावळीत. शाकाहारी किती, ते गुरुवारपर्यंत कळवा. काकूंना माशांचा अंदाज घ्यायचा आहे.