प्रशिक्षण की फलकलेखन?

महोदय,

कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणाची बातमी कालच्या अंकात वाचली. रात्रीच लिहायला बसलो होतो, पण 'रागाच्या भरात नको, सकाळी लिहा' असा घरातून सल्ला मिळाला. सकाळ झाली, राग आहे तिथेच आहे.

बातमीसोबतचा फोटो नीट पाहिला. व्यासपीठावर सात जण, समई, हार, मागे फ्लेक्स. समोर बसलेल्या कलाशिक्षकांपैकी एकाच्याही पुढ्यात कागद नाही, ब्रश नाही, पाण्याचा डबा नाही. हे कलाशिक्षकांचे प्रशिक्षण आहे हे फ्लेक्स वाचल्यावरच कळते.

मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. अशी प्रशिक्षणे किती केली याचा हिशेब नाही, पण एक विसरलेलो नाही. तालुक्याच्या गावी, एका शाळेचा हॉल. साडेनऊची वेळ दिली होती आणि मी साडेनऊला पोचलो, ही माझी चूक. फ्लेक्स आलेला नव्हता. मला पाहताच आयोजकांचा जीव भांड्यात पडला. "सर, तेवढा फळा लिहून द्या की, तुमचं अक्षर म्हणजे काय!" खडूंची पेटी हातात आली. 'सहर्ष स्वागत' लिहिले, दोन पणत्या काढल्या, मान्यवरांची नावे लिहिली. अकरा वाजता एक मान्यवर बदलले, ते पुसून दुसरे लिहिले. दुपारी सत्र सुरू असताना मला मागच्या बाकावर बसवून ऐंशी प्रमाणपत्रांवर नावे घालून घेतली. 'यांनी प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले' या छापील ओळीवर माझे नाव मीच, माझ्याच कट निबने लिहिले आहे. प्रमाणपत्र अजून जपून ठेवले आहे, अक्षर खरोखर चांगले आले आहे.

सत्राचा विषय होता कला समेकित अध्ययन, म्हणजे कलेच्या मदतीने इतर विषय शिकवणे. सुलभक, म्हणजे सत्र घेणारे, गणिताचे. माणूस सज्जन. त्यांनी पडद्यावर वारली चित्र दाखवून आम्हाला त्यातले त्रिकोण मोजायला लावले.

आता मी खरे काय आणि कुठे शिकलो ते सांगतो. ग्रेड परीक्षेचे, म्हणजे शासनाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे, पेपर तपासायला गेलो होतो. मुले लोट्याचे तोंड काढतात ते दोन्ही टोकांना अणकुचीदार, आणि तळाला सरळ रेघ मारून मोकळी होतात. वर्षानुवर्षे मी नुसता लाल पेन्सिलीने दुरुस्त करत आलो होतो. शेजारी बसलेल्या वयस्कर सरांनी चहाच्या सुटीत एका शिक्षिकेकडून बांगडी मागून घेतली. डोळ्यांसमोर आडवी धरली, तर रेघ दिसली. सावकाश खाली नेली, तर ती उघडत गेली. म्हणजे तळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसणार, सरळ नाही! पुढच्या आठवड्यापासून माझ्या सातवीच्या वर्गात बांगडी आली आणि लोटे सुधारले. पाच मिनिटांचे काम, फ्लेक्स लागला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की, प्रत्येक शिक्षकाला व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास मिळावेत, तेही त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार. कल्पना उत्तम. पण सहावी ते आठवीला कला शिकवणाऱ्या अतिथी निदेशकांना, म्हणजे तासावर बोलावलेल्या शिक्षकांना, याच राज्यात २०१५ साली तासाला ५० रुपये ठरवले होते, हेही वाचकांना आठवत असेल. पन्नास हा आकडा शासनाचा आवडता दिसतो. पन्नास रुपयांत चांगला ब्रशही येत नाही. आधी माणूस तरी नेमा, मग त्याचा विकास करा. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आनंदच आहे. तालुक्यातल्या कलाशिक्षकाला वर्षातून चार दिवस तिथे मांडलेल्या वस्तूंसमोर बसून नुसते चित्र काढू द्या, भाषण नको. पण मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांची चौकशी एवढीच, की इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात ना? वाढतात.

आणि जाता जाता, तक्रार तुमच्याबद्दलही आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या चित्रांचा एक चौकोन असायचा. माझी एक विद्यार्थिनी ते कात्रण दप्तरात ठेवून वर्षभर फिरली. आता त्या जागी क्लासेसची जाहिरात असते. कलाशिक्षणाबद्दल आपल्याला आस्था आहे असे कालच्या बातमीवरून वाटले, म्हणून विचारतो. शेजारच्या तीन मुलींची चित्रे माझ्याकडे पडून आहेत. पाठवू की नको, एवढे कळवावे.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कराड