चार केबली जोडल्याने वेग चौपट होत नाही

महोदय,

ब्लेड सर्व्हर म्हणजे एका सामाईक पेटीत (एन्क्लोजरमध्ये) ओळीने बसणारे पातळ सर्व्हर. त्यांच्याविषयीच्या लेखांत, माहितीपत्रकांत आणि निविदांच्या अटींतही एक वाक्य हमखास आढळते: '१० गिगाबिटच्या चार अपलिंक एकत्र बांधल्या की ४० गिगाबिटचा वेग मिळतो.' अपलिंक म्हणजे एन्क्लोजरमधून बाहेरच्या स्विचकडे जाणारी लिंक. हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत खरेदीनंतर मोजावी लागते, तेव्हा एन्क्लोजर सुरू झालेले असते आणि बदलाला हात लावायची कोणाची तयारी नसते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी हिशेब पाहू. एचपीच्या सी७००० एन्क्लोजरमध्ये अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड बसतात. प्रत्येक ब्लेडचे १० गिगाबिटचे एक पोर्ट आतूनच एका इंटरकनेक्ट मॉड्यूलला (ब्लेडना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाला) जोडलेले असते, म्हणजे त्या मॉड्यूलच्या आतल्या अंगाला १६० गिगाबिट होतात. बाहेर दोन अपलिंक काढल्या तर आतल्या आणि बाहेरच्या वेगाचे प्रमाण ८:१, चार काढल्या तर ४:१ आणि आठ काढल्या तर २:१. यात गैर काही नाही, कारण सगळे ब्लेड एकाच क्षणी पूर्ण वेगाने बोलत नसतात. पण रात्री सगळ्यांचे बॅकअप एकाच वेळी सुरू होत असतील, तर हेच प्रमाण अंगावर येते.

आता 'बांधणे' म्हणजे नेमके काय ते पाहू. लिंक अग्रिगेशनचे (अनेक लिंक एक म्हणून वापरण्याचे) मानक ८०२.३एडी या नावाने २००० मध्ये आले आणि २००८ पासून ते ८०२.१एएक्स म्हणून स्वतंत्र आहे. त्याची मूळ अट अशी की एका संवादातल्या फ्रेम (माहितीची पाकिटे) मागेपुढे होता कामा नयेत. ती पाळण्यासाठी स्विच प्रत्येक फ्रेममधल्या पत्त्यांवरून एक हॅश (ठरावीक सूत्राने येणारा आकडा) काढतो आणि त्या हॅशनुसार लिंक ठरवतो. एक टीसीपी जोडणी म्हणजे एक हॅश, म्हणून एकच लिंक. एकाच जोडणीवरून मोठी फाइल पाठवली, तर शेजारच्या तीन लिंक मोकळ्या असूनही वेग १० गिगाबिटच्या पुढे जात नाही. चार मोठे प्रवाह असले म्हणजे चौघांना चार वेगळ्या लिंक मिळतील, असेही धरून चालू नये. हॅशचे वाटप यदृच्छ मानले, तर तसे होण्याची शक्यता २५६ पैकी २४, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहूनही कमी. प्रवाह शेकड्यांनी असतील तेव्हाच वाटप समतोल होऊ लागते.

४० गिगाबिट ईथरनेटची गोष्ट वेगळी आहे. २०१० च्या ८०२.३बीए मानकात आतून १० गिगाबिटच्या चार मार्गिकाच असतात, पण वाटणी फ्रेमची होत नाही, त्याखालच्या भौतिक थरावर होते. त्यामुळे एकाच प्रवाहालाही पूर्ण ४० गिगाबिट वापरता येतात. एकेका प्रवाहालाच मोठा वेग हवा असेल तर बांधलेल्या लिंक हे त्यावरचे उत्तर नाही. तिथे वेगवान पोर्टच घ्यावे लागते.

हॅशमध्ये काय काय धरले जाते, हे खरेदीपूर्वी विचारायलाच हवे. फक्त गंतव्य मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा हार्डवेअर पत्ता) धरला, तर राउटरकडे जाणाऱ्या सगळ्या फ्रेमचा गंतव्य मॅक एकच असल्याने सगळा भार एका लिंकवर जातो. परतीच्या वाटेवर स्विच फक्त उगम मॅक धरत असेल, तर तिथेही तेच, कारण उगम एकटा राउटर. आयपी पत्ते आणि टीसीपी-यूडीपी पोर्ट क्रमांक दोन्ही धरणारा हॅश निवडावा. दोन्ही टोके आपापल्या बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची लिंक स्वतंत्रपणे ठरवतात, ही बाब पुष्कळदा विसरली जाते. एन्क्लोजरमधून जाणारा भार नीट वाटला जातोय आणि येणारा मात्र एकाच लिंकवर साचतोय, असे दिसले तर एन्क्लोजरमध्ये काही शोधू नका, वरच्या स्विचवरचा हॅश बदला. शिवाय बऱ्याच जुन्या स्विचमध्ये हॅशचे आठच कप्पे असतात. तीन लिंक बांधल्या तर कप्पे ३:३:२ असे वाटले जातात, पाच बांधल्या तर २:२:२:१:१. अशा स्विचवर दोन, चार किंवा आठ हीच संख्या योग्य.

यापुढचा मुद्दा एन्क्लोजरपुरताच आहे आणि सर्वाधिक गफलत तिथेच होते. एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्ट या इंटरकनेक्ट मॉड्यूलमध्ये एका लॅगमधली (बांधलेल्या लिंकच्या गटातली) सगळी पोर्टे एकाच मॉड्यूलवरची असावी लागतात. 'सुरक्षितता म्हणून' दोन केबली पहिल्या मॉड्यूलला आणि दोन दुसऱ्याला लावून चारही एकाच शेअर्ड अपलिंक सेटमध्ये (अपलिंकच्या सामाईक गटात) घातल्या, तर एका मॉड्यूलच्या दोन चालू राहतात आणि दुसऱ्याच्या दोन राखीव. केबली चार, वापरात २० गिगाबिट. पोर्टच्या यादीत दोघांपुढे 'लिंक्ड, अॅक्टिव्ह' आणि दोघांपुढे 'लिंक्ड, स्टँडबाय' दिसले, तर हेच घडले आहे असे समजावे.

उपाय असा. प्रत्येक मॉड्यूलसाठी वेगळा अपलिंक सेट करावा आणि त्याचा स्वतंत्र एलएसीपी लॅग ठेवावा (एलएसीपी म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलून लॅग जुळवण्याचा प्रोटोकॉल). दोन्ही सेटमध्ये तेच व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी आभासी नेटवर्के) घ्यावेत, पण नेटवर्कची नावे वेगळी द्यावीत, उदाहरणार्थ शेवटी 'अ' आणि 'ब'. ब्लेडचे एक पोर्ट 'अ' वर, दुसरे 'ब' वर ठेवावे आणि दोन्ही कामात आणावीत. अपलिंक पडल्या की ब्लेडचे पोर्टही बंद करणारी स्मार्टलिंक ही सोय दोन्हीकडे चालू हवी. ती बंद असेल तर मॉड्यूलच्या सगळ्या अपलिंक पडूनही ब्लेडला आपले पोर्ट जिवंतच दिसते. सर्व्हरवरच्या टीमिंगला (दोन पोर्टे एकत्र वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला) बिघाड कळत नाही आणि त्या बाजूचा ट्रॅफिक बाहेर न पडता हरवतो.

अशा मांडणीत सर्व्हरकडून एलएसीपी लावायचा प्रयत्न करू नये. दोन पोर्टे दोन स्वतंत्र मॉड्यूलना जातात आणि व्हर्च्युअल कनेक्ट ब्लेडच्या बाजूला एलएसीपी बोलत नाही. व्हीएमवेअरमध्ये 'आयपी हॅश' निवडला तर एकाच व्हर्च्युअल मशीनचा मॅक पत्ता कधी या मॉड्यूलकडून तर कधी त्या मॉड्यूलकडून दिसू लागतो आणि वरचे स्विच गोंधळतात. तिथे व्हर्च्युअल पोर्ट आयडीवर आधारित वाटप ठेवावे. लिनक्समध्ये अॅक्टिव्ह-बॅकअप किंवा बॅलन्स-टीएलबी चालते. ८०२.३एडी मोड मात्र नको.

वरच्या बाजूला एका लॅगच्या सगळ्या केबली एकाच स्विचला जाव्यात, नाहीतर स्टॅक, व्हीपीसी किंवा तत्सम जोडणीने एक झालेल्या दोन स्विचना. दोन सुट्या स्विचना नेल्या तर दोन लॅग तयार होतात आणि त्यांतला एकच चालू राहतो. व्हर्च्युअल कनेक्टमध्ये प्रत्येक पोर्टचा लॅग आयडी दिसतो, तो सगळ्यांचा सारखा आहे ना, हे आधी पाहावे.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा. आधी वरच्या स्विचवर पोर्ट-चॅनेल (तिथला लॅग) तयार करावा, त्याची पोर्टे बंद ठेवूनच. वेग सगळ्यांचा सारखा, व्हीलॅनची यादी आणि नेटिव्ह व्हीलॅन सारखा, एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा) सारखा, एलएसीपी 'अॅक्टिव्ह'. व्हर्च्युअल कनेक्ट स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधली वर्तुळे टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) भाग घेत नाही, म्हणून ही पोर्टे पोर्टफास्ट ट्रंक (न थांबता चालू होणारी, अनेक व्हीलॅन वाहणारी) म्हणून ठेवावीत. मग एक पोर्ट उघडून ते लॅगमध्ये आल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच बाकीची उघडावीत.

स्थिर म्हणजे एलएसीपीशिवाय लिंक बांधणारा 'ऑन' मोड टाळावा. व्हर्च्युअल कनेक्टला एलएसीपीचे उत्तर मिळाले नाही की ते प्रत्येक पोर्ट सुटे मानते, एक चालू ठेवते आणि बाकीची राखीव करते. वरचा स्विच मात्र चारही लिंकवर फ्रेम पाठवत राहतो आणि राखीव पोर्टांवर आलेल्या फ्रेम टाकून दिल्या जातात. लक्षण विचित्र असते: काही पत्त्यांना पिंग जाते, काहींना जात नाही, आणि तेही ठरावीक जोड्यांनाच. सर्व्हरवर तासन्‌तास शोधूनही कारण सापडत नाही, कारण ते तिथे नसतेच.

सिस्कोच्या यूसीएस ५१०८ चॅसिसमध्ये (एन्क्लोजरमध्ये) वेगळा सापळा आहे. तिथे 'डिस्क्रीट' पद्धतीत लिंकची संख्या १, २, ४ किंवा ८ अशीच धरली जाते. तीन केबली लावल्या तर दोनच वापरात येतात आणि प्रत्येक ब्लेड एका ठरावीक लिंकला बांधलेला राहतो. २२०४ आणि २२०८ मॉड्यूलवर पोर्ट-चॅनेल पद्धत निवडता येते, २१०४ वर नाही. ती निवडल्यावर चॅसिस पुन्हा 'अॅक्नॉलेज' करावे (व्यवस्थेला नव्याने ओळखायला लावावे) लागते आणि त्या वेळी ट्रॅफिक तुटतो. हे काम देखभालीच्या ठरलेल्या वेळेतच करावे.

स्टोअरेजच्या ट्रॅफिकला तर लॅगचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे मोजक्याच मोठ्या जोडण्या असतात. आयएससीएसआयला (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीला) मल्टिपाथ, म्हणजे एकाहून अधिक स्वतंत्र वाटा, द्यावा. एनएफएससाठी (नेटवर्कवरून फाइल वापरण्याच्या पद्धतीसाठी) लिनक्स कर्नल ५.३ पासून एकाच माउंटला अनेक जोडण्या देणारा 'एनकनेक्ट' पर्याय आहे.

मोजमाप पोर्ट-चॅनेलच्या बेरजेवरून करू नये, प्रत्येक लिंकचे स्वतंत्र करावे. बेरीज १४ गिगाबिट दिसते तेव्हा एक लिंक ९.८ वर गुदमरलेली असू शकते. पाच मिनिटांची सरासरी तर क्षणिक गर्दी पूर्ण झाकते, म्हणून टाकून दिलेल्या फ्रेमचा आकडा सोबत पाहावा. ३२ बिटांचा बाइट-काउंटर १० गिगाबिटला साडेतीन सेकंदांच्या आतच पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा ६४ बिटांचाच वापरावा.

स्वीकृती चाचणीत निदान इतके तरी असावे. एका ब्लेडवरून एकच प्रवाह सोडावा; १५०० एमटीयूवर सुमारे ९.४ गिगाबिट मिळाले की लिंक ठीक. मग अनेक ब्लेडवरून वेगवेगळ्या पोर्ट क्रमांकांचे निदान ३२ प्रवाह दोन्ही दिशांना सोडून प्रत्येक लिंकचा भार लिहून घ्यावा. त्याच भारात एक केबल उपटावी. चार लिंकवर मिळून ३० गिगाबिटच्या वर काम चालत असेल तर उरलेल्या तिघी ते पेलू शकत नाहीत, हे तिथेच कळेल. केबल उपटल्याचे दोन्ही टोकांना लगेच समजते, पण दिवा पेटता राहून पलीकडचे टोक मुके झाले असेल तर शोध एलएसीपीच्या टायमरवर अवलंबून असतो. मंद टायमरला त्यासाठी ९० सेकंद लागतात, जलदला ३. दोन्ही टोकांना जलद टायमर चालत असेल तर तोच ठेवावा आणि कोणता ठेवला आहे, याची चाचणीच्या अहवालात नोंद करावी.

आपले,
नेटवर्क क्षेत्रात काम करणारे वाचक